उलटं वाटतं, पण खरं असतं

बचतीचे पैसे गोळा झाले की आमच्या गटात आम्ही एखादा अभंग म्हणतो. १३व्या शतकातल्या संत मुक्ताबाईंचा मुंगीचा अभंग आला, तेव्हा सगळ्या हसलो. एवढीशी मुंगी सूर्य कसा गिळणार?

बोलणं वरवर उलटं वाटतं, पण विचार केला की अर्थ जुळतो, त्याला विरोधाभास अलंकार म्हणतात. मुंगी म्हणजे लहानसा जीव, सूर्य म्हणजे ज्ञानाचा प्रकाश, असं धरून बघा. लहान जिवातही एवढा प्रकाश मावतो!

ओळखायला दोन प्रश्न विचारायचे. कोणते शब्द एकमेकांशी भांडतात? कोणत्या अर्थानं ते भांडण मिटतं? नुसतं 'दिवस आणि रात्र' म्हटलं तर विरोधाभास होत नाही, कारण तिथं भांडणच नाही.

मग आम्हीही एक ओळ जुळवली: 'घरात सोयाबीनची पोती, फोडणीला तेल उसनं.' खोटं वाटतं ना? पण आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या बायांना अर्थ लगेच कळतो. पोती घरात असली, तरी ती उधारीत आधीच गेलेली असतात. या ओळीवर मात्र कुणी हसलं नाही.

तुमच्या जात्यावरच्या ओव्यांत असं भांडण शोधा आणि पुढच्या बैठकीत म्हणून दाखवा.