विहाराला कुलूप नको
(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार माणसं. इमारतीचं शास्त्र आम्ही शिकलो नाही. पण एक गोष्ट अनुभवानं कळली. जागा गवंडी बांधतो, तिला घडवतात मात्र वापरणारी माणसं. चाळीचा व्हरांडा येण्याजाण्यासाठी काढलेला. आम्ही तिथं झोपलो, तिथंच पोरं अभ्यासाला बसली, तिथंच पंगती उठल्या. परळच्या डबक चाळीत सुभेदार रामजींची एकच खोली होती. तीच स्वयंपाकाची, तीच झोपायची. पहाटे दोनला वडील भीमरावांना उठवीत, आणि तीच खोली अभ्यासिका होई.

आपल्या सोपाऱ्याचा स्तूप बघा. हे प्राचीन बंदर. लोकांचं वंदनेला येणं थांबलं, तेव्हाही विटा जागेवरच होत्या, पण स्तूप म्हणून ओळख उरली नाही. लोक त्या टेकाडाला 'बुरुड राजाचा कोट' म्हणू लागले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते उकरलं. आत दगडी पेटी, बुद्धमूर्ती, सोन्याची फुलं निघाली. ते अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत गेले. तरी आज बुद्धपौर्णिमेला आपण तिथं जमतो, म्हणून तो पुन्हा स्तूप आहे.

सोपाऱ्यातच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा आशय असा : आधीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकारीला नि मौजेला निघत. अशोकानं त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली. वृद्धांना भेटायचं, दान द्यायचं, खेड्यातल्या लोकांशी धम्मावर बोलायचं. प्रवास राजाचाच, पण कारण बदललं, तसा त्याचा अर्थ बदलला.

आता आपल्या विहाराचं बोलू. काही बांधव म्हणतात, नवी फरशी आहे, पोरं खराब करतील, रविवारच्या वंदनेपुरतं उघडू. त्यांची काळजी खोटी नाही. घराघरातून वर्गणी काढून ही फरशी बसली आहे. पण बांधवांनो, सहा दिवस कुलूप राहिलं तर ही वास्तू विहार राहील का? आपल्या खोल्या लहान. विरार लोकलनं थकून आलेला बाप टीव्ही लावतो, आई भाकऱ्या थापते, त्यात दहावीचं पोरगं पुस्तक घेऊन बसणार कुठं?

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. रोज संध्याकाळी सात ते दहा विहार अभ्यासासाठी उघडा असावा. दुपारी महिला मंडळानं बसावं. किल्ली एकाच्या खिशात न राहता आठवड्याच्या पाळीनं घरोघर फिरावी. ज्याची पाळी त्यानं झाडून घ्यावं, दिवे बंद करावेत. गिरणीत तीन पाळ्या सांभाळल्या, ही एक पाळी आपल्याला जड नाही. आणि फरशीवर डाग पडला तर पुसायला आम्ही येऊ.

पाळीसाठी ज्यांना नावं द्यायची त्यांनी आजच सेक्रेटरींकडं द्यावीत. पहिलं नाव आमचं लिहा.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!