वय झाले म्हणून
(रिठद येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



मी वक्ता नाही. रिसोडला मोटार वाइंडिंगचे दुकान चालवणारा माणूस आहे. कार्यकर्त्यांनी आग्रह केला की, तुमचा अनुभव सांगा, पोरांना उपयोग होईल. म्हणून उभा आहे.

सुरुवात माझ्या वयापासूनच करतो. माझी जन्मतारीख १ जून १९६४. हसू नका, इथे बसलेल्या निम्म्या लोकांची तारीख १ जूनच आहे! मायला विचारले तर ती म्हणायची, "ज्वारी काढाले आली होती तवा तू झाला." म्हणजे जून काही नव्हे. गुरुजींनी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला, कान हाती लागला आणि दाखल्यावर तारीख पडली. ज्या तारखेला कोणी साक्षीदार नाही, तिच्यावर पुढे आपली भरती ठरते, बढती ठरते आणि घरी जाण्याचा दिवसही ठरतो.

१९८६ साली मी पुण्याला एका कारखान्यात लागलो. कारखान्याचे नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. पंचवीस वर्षे मशीनवर काढली. २०११ साली एके दिवशी आम्हा पंचेचाळीसच्या पुढच्यांना एकेक करून ऑफिसात बोलावले. चहा दिला. पंचवीस वर्षांत ऑफिसात चहा पहिल्यांदाच मिळाला, तेव्हाच मला कळायला हवे होते. साहेब गोड बोलले. म्हणाले, "तुमचं आता वय झालं, नव्या मशीनवर तुम्हाला जमणार नाही. स्वेच्छानिवृत्ती घ्या, रक्कम चांगली आहे." खरे कारण नंतर एका कारकुनाने सांगितले. माझ्या एका पगारात दोन कंत्राटी पोरे येत होती. माझे हात थकले नव्हते, माझा पगार वाढला होता.

मी सही केली.

त्या सहीबद्दल मला आज जास्त बोलायचे आहे. त्या वेळी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता. कामगार कपात करायची तर सर्वसाधारणपणे जो शेवटी लागला त्याने आधी जायचे, असे त्यात कलम होते. म्हणजे कायद्याने मी सर्वांत शेवटी जायचा. कपात केली तर भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगारही द्यावा लागे. २०२० च्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही शेवटी आलेल्याने आधी जायचे हे तत्त्व कायम आहे. पण स्वेच्छेने निवृत्ती घेतली की ती कायद्याच्या भाषेत कपातच नव्हे. मग क्रम उलटा करता येतो, आणि जुना माणूस आधी जातो. तोही स्वतःच्या अक्षराने! ज्यांच्या बापांनी अंगठे उठवले त्या आम्हाला सही करता येते याचा केवढा अभिमान होता. तीच सही नडली. म्हणून पोरांनो, असा कागद पुढे आला तर त्या दिवशी सही करू नका. घरी आणा, युनियनला दाखवा, चार दिवस झोपून उठा, मग ठरवा. रक्कम घेणे वाईट आहे असे मी म्हणत नाही. कागद वाचल्यावाचून घेणे वाईट.

हे माझे एकट्याचे नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसे त्यात होती. कित्येकांना पुन्हा आत जाता आलेच नाही. त्यातले चाळिशीतले लोक ना तरुण, ना पेन्शनचे. शिवाय आपल्या लोकांना पूर्वी विणखात्यात घेतच नसत, कारण कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. चांगल्या पगाराचे ते खाते आपल्याला बंद, हे बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी मांडले होते. ज्याला आत यायलाच उशीर झाला, त्याला बाहेर काढायची मात्र घाई.

राज्यघटनेचे सोळावे कलम पाहा. सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास यावरून भेदभाव नाही. या यादीत वय नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्या कामगारासाठी १९६७ पासून वेगळा कायदा आहे, आपल्या खाजगी कारखान्यांसाठी तसा नाही. वयाची अट मुळीच नको असे मी म्हणत नाही, सैन्यात पन्नाशीचा माणूस कोण घेईल? पण गावातली गोष्ट घ्या. अंगणवाडी सेविकेसाठी पस्तीस, विधवा असेल तर चाळीस. आशाताईसाठी पंचेचाळीस. शेचाळिसाव्या वर्षी नवरा गेलेल्या बाईने कुठे जायचे? मुले वाढवून जिला सगळे समजते, तिलाच दार बंद. राज्य सेवेची मर्यादा २०१६ पासून मागासवर्गीयांना त्रेचाळीस झाली, ते चांगले झाले. पण अनुशेषाची जागा वर्षानुवर्षे भरायचीच नाही आणि उमेदवाराचे वय मात्र मोजत राहायचे, याला काय म्हणावे?

माझे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. रकमेतली निम्मी मुलीच्या लग्नात गेली. दोन वर्षे दारोदार फिरलो. सुरक्षा रक्षक म्हणून कायद्याने पासष्टीपर्यंत घेता येते, म्हणून बारा-बारा तास गेटवरही उभा राहिलो. शेवटी गावी आलो. रिसोडला एका वाइंडिंगच्या दुकानात कामाला बसलो. उस्ताद माझ्या पुतण्याच्या वयाचा. पहिल्या दिवशी त्याला "अहो" म्हणताना जीभ अडखळली. त्यालाही मला झाडू मारायला सांगता येईना. मीच झाडू घेतला, मग दोघांचेही सोपे झाले. रब्बीत एक फेज गेला की मोटारी जळतात. जळलेली तार काढायची, वेढे मोजायचे, गेज लिहून ठेवायचे, नवी तार भरायची, व्हार्निश द्यायचे. डोळ्यांना चाळीशी लागलेली, दोनदा वेढे चुकलो, तार वाया गेली. पैसे माझ्या मजुरीतून कापले, ते बरोबरच होते. लोक म्हणत, "आता या वयात शिकाले चालला का गा?" दीड वर्षाने माझी पहिली मोटार विहिरीवर सुरू झाली, तेव्हा त्या शेतकऱ्याने माझे वय विचारले नाही.

आपल्याकडे राध स्थविरांची कथा आहे. म्हातारा ब्राह्मण, वय झाले म्हणून त्याला कोणी भिक्खू प्रव्रज्या देईना. भगवंतांनी विचारले, याचा काही उपकार कोणाला आठवतो काय? सारिपुत्तांना आठवले, याने एकदा पळीभर भात वाढला होता. त्यांनी त्याला शिष्य केले. मला त्यात राधापेक्षा सारिपुत्तांचे जास्त वाटते. शिकणारे म्हातारे पुष्कळ असतात, शिकवणारा पुढे यावा लागतो. शांताबाई कांबळे शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर लिहायला बसल्या. १९८६ साली त्यांचे आत्मकथन पुस्तकरूपाने आले तेव्हा त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. मुरबाडजवळ फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा निघाली, ती तिथल्या एका शिक्षकाने काढली.

आता कामाचे बोलतो. दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा अर्ज भरतात, त्याला वयाची वरची अट नाही. आयटीआयलाही नाही. मागच्या रांगेतल्या दोन भगिनींनी मघाशी मला हळूच विचारले. त्यांनी लाजू नये. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड घेऊन रविवारी दुकानावर यावे, माझा मुलगा अर्ज ऑनलाइन भरून देईल. दाखला सापडत नसेल तरी या, शाळेत आपण मिळून जाऊ.

जयभीम.