मनातले बोलणे चावडीवर जाऊ नये

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी महाड-पोलादपूरकडचा कार्यकर्ता. आमच्याकडे भाताची खाचरे आणि डोंगरउतारावर नाचणी-वरी. तुमच्याकडे कोरडवाहू कापूस आणि ज्वारी. पावसाने दडी मारली की हंगाम गेला. भाव, वीज, कर्जमुक्ती यांवर बोलणारे या व्यासपीठावर पुष्कळ आहेत. मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. खचलेला शेतकरी डॉक्टरशी, समुपदेशकाशी किंवा आपल्या कार्यकर्त्याशी जे मन मोकळे करून बोलतो, ते बोलणे कोणाचे? आणि ते दुसऱ्याला सांगायचा हक्क कोणाला?

22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी येथेही दरडी आल्या, महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले. मदत आली, ती हवीच होती. मदतीबरोबर कॅमेरेही आले. ज्याचे घरदार ढिगाऱ्याखाली आहे, त्याच्यापुढे माईक धरून 'आता काय वाटते?' असे विचारण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. मनाचा डॉक्टरही जवळजवळ हाच प्रश्न विचारतो. फरक एवढाच, की त्याच्या खोलीचे दार बंद असते आणि उत्तर बाहेर जात नाही. हा फरक पुसला, की उपचाराचा पंचनामा होतो.

पंचनामा तुम्हाला नवा नाही. कर्त्या माणसाने जीव दिला की चौकशी येते. कर्ज होते का, थकले होते का, वसुलीचा तगादा होता का. की दारू होती, आजार होता, घरात भांडण होते? त्यावरून प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरते आणि 2006 सालच्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाख रुपये मिळतात किंवा मिळत नाहीत. आता त्या घरात मनाच्या आजाराच्या उपचाराचा कागद सापडला, तर कर्जाचे कारण पुसले जाईल, अशी भीती असते. म्हणजे माणूस जिवंत आहे, त्याला औषधाची गरज आहे, आणि घरचे कागदाला भिऊन त्याला दवाखान्यात नेत नाहीत! कर्जाने झोप उडते, झोप उडाली की मन आजारी पडते. आजार हा कर्जाचाच परिणाम असेल, तर तोच आजार कर्जाचे कारण खोडायला वापरायचा, हा कुठला न्याय?

विदर्भ-मराठवाड्याच्या 14 जिल्ह्यांत 2015 पासून 'प्रेरणा प्रकल्प' आला. आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेला माणूस हेरावा आणि त्याला उपचारापर्यंत न्यावे, ही कल्पना चांगली आहे. पण ओसरीवर सासू बसलेली, भाऊबंद बसलेले, उसनवारी दिलेला शेजारीही तिथेच; अशा ठिकाणी 'मनात वाईट विचार येतात का?' असे विचारले तर उत्तर एकच येणार: 'सगळे बरे आहे.' मी शेतीशास्त्र शिकलो, म्हणून शेतीतलेच उदाहरण देतो. मातीचा नमुना उकिरड्याजवळून किंवा बांधाच्या कडेने घेतला, तर प्रयोगशाळा कितीही चांगली असो, अहवाल चुकीचाच येतो. चारचौघांत घेतलेला मनाचा नमुना असाच असतो. माणूस एकटा असताना विचारावे आणि ऐकलेले पोटात ठेवावे, तरच ते तपासणे खरे.

कोणी म्हणेल, ही खाजगीपणाची चैन शहरातल्या लोकांची, खेड्यात सगळ्यांना सगळे ठाऊक असते. मी म्हणतो, म्हणूनच खेड्याला तिची जास्त गरज आहे. शहरात कोण कोणत्या डॉक्टरकडे गेला, हे शेजाऱ्याला कळत नाही. आमच्या वाडीत निघालेली गोष्ट फोनवरून घटकेत मुंबईच्या मंडळापर्यंत पोचते. मुलीची सोयरीक मोडते, उसनवारी बंद होते, मजूर कुजबुजतात. बाईचे तर आणखी अवघड. 'डोक्यावर परिणाम झाला' एवढा शिक्का बसला, की तिला माहेरी धाडायला आणि वाट्याच्या जमिनीतून तिचे नाव काढायला निमित्त मिळते.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे, तो माहीत करून घ्या. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 मध्ये लागू झाला. त्याचे कलम 23 सांगते, की मनाच्या आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त राहणे हा रुग्णाचा हक्क आहे. कलम 24 प्रमाणे रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती वर्तमानपत्राला, वाहिनीला देता येत नाही. अपवाद मोजके आहेत: रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी, उपचार करणारे दुसरे डॉक्टर, कोणाच्या जिवाला धोका, सार्वजनिक सुरक्षितता, कायद्याने नेमलेले मंडळ किंवा वरिष्ठ न्यायालयाचा आदेश. सोसायटीचा सचिव, बँकेचा वसुली अधिकारी, सरपंच, सोयरीक जुळवणारा, यांची नावे त्या यादीत नाहीत. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितले आहे.

महाड म्हटले की चवदार तळे आठवते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे दाखवून दिले, की जे सार्वजनिक आहे ते कोणालाही बंद करता येत नाही. त्याच न्यायाची दुसरी बाजू अशी, की जे माणसाचे स्वतःचे आहे ते कोणालाही उघडे पाडता येत नाही. दोन्हीकडे प्रश्न माणसाच्या इभ्रतीचा.

आता आपल्या चळवळीकडे वळतो. आपल्याला सरकारपुढे आकडे मांडायचे असतात, दुःख दाखवायचे असते. जरूर दाखवा. पण तालुक्यात बोंडअळी किती पडली हे सांगायला, ती कोणाच्या शेतात पडली हे लाउडस्पीकरवर पुकारावे लागत नाही. आकडा चळवळीचा, नाव, फोटो आणि घरातली गोष्ट त्या घराची. विधवा बहिणीला व्यासपीठावर उभे करण्याआधी आदल्या दिवशी, एकटीला विचारा. 'नाही' म्हणाली तर पुन्हा विचारू नका.

एक मर्यादाही नीट समजून घ्या. गुपित पाळणे म्हणजे जीव जाऊ देणे नव्हे. कोणी 'आता जगायचे नाही' असे म्हणाला, तर गप्प बसू नका. त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध घरातून हलवा, कुलपात ठेवा. जो त्याला वाचवू शकतो त्याला सांगा, पण तेवढ्यालाच आणि तेवढेच. पारावर नको, ग्रुपवर नको. विष घेतलेच असेल, तर औषधाचा डबा चिठ्ठीसकट बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. दवाखाना पोलिसांना कळवील, जबाब होईल. पण 2017 च्या कायद्याचे कलम 115 असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरते, आणि 309 कलम 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र कलम 226 खाली आजही गुन्हा आहे. रॉकेलचा डबा घेऊन कचेरीत जाणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे.

दवाखान्याच्या बाकावर बसायला संकोच वाटत असेल, तर टेलि-मानसचा 14416 हा फुकट क्रमांक आहे. 2022 पासून तो रात्रंदिवस चालू आहे, मराठीत बोलता येते. घरात कान असतील तर बांधावर जाऊन बोला. बहिणीकडे स्वतःचा फोन नसेल तर महिला आघाडीने तिला फोन द्यावा आणि दहा पावले लांब उभे राहावे.

म्हणून या मेळाव्यात दोन ठराव मांडतो. एक, संघटनेचा कोणताही कार्यकर्ता संमतीशिवाय कोणाच्या मनाच्या आजाराची गोष्ट नावानिशी सांगणार नाही. दोन, कर्जबाजारीपणा सिद्ध असताना केवळ मनाच्या उपचाराचा कागद दाखवून कोणतेही प्रकरण अपात्र करू नये, अशी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी. शेतकऱ्याची पत सरकारी धोरणाने गेली आहे. त्याची अब्रू आपल्या तोंडाने जाऊ नये.

मान्य असेल तर हात वर करा.