एक टन उसाचा हिशेब



विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी मी कधी चढलो नाही. माझी शाळा गेटसभेची. तरी शिक्षणावर बोलायला उभा आहे, कारण आजचा विषय कामगाराच्या पोटाशी बांधलेला आहे.

पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. पुढे तो विषय कॉलेजात आला. मुले शाश्वत विकासाची १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातली व्याख्या पाठ करतात आणि पेपर संपला की विसरतात. आता 'जैव-अर्थव्यवस्था' हा नवा शब्द आला आहे. शेतात, रानात पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या मालावर उद्योग उभारायचा आणि त्यातले काही वाया घालवायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तो शिकवावा कसा? वर्गात एक टन ऊस आणा, कागदावर. त्यातून साखर निघते सुमारे १०० किलो, चिपाड २८० ते ३०० किलो, मळी ४० किलोच्या आसपास. चिपाड जाळून वाफ आणि वीज होते, मळीपासून इथेनॉल. इथवर सारे गोड! पण एक लिटर इथेनॉलमागे आठ ते पंधरा लिटर घाण पाणी निघते. ते कुठे सोडायचे?

आता मुलांनाच भूमिका द्या. एक चेअरमन, एक बागायतदार, एक आसवनीतला कामगार, एक ओढ्याखालच्या गावची बाई, आणि ऊसतोडीचा एक कोयता. कोयता म्हणजे नवराबायको दोघे, पण मजुरीच्या हिशेबात एकच! मध्ये पाण्याची घागर ठेवा. पैसा म्हणून चिंचोके वाटा. दर हंगामाला जो जितका ऊस लावील, तितके पेले पाणी उपसा. तिसऱ्या हंगामाला घागरीचा तळ दिसला की मुले आपणहून भांडू लागतील. मास्तरांनी उत्तर सांगू नये. एवढेच विचारावे, "कोणाचे चिंचोके द्यायचे राहिले?"

हा पोरखेळ नव्हे. हातांनी काम करता करता शिकावे, हा विचार गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडलाच होता. उद्या हीच मुले कारखान्यांत अधिकारी होणार. चिपाडाची किंमत ज्यांना कळली, त्यांना कोयत्याचीही कळली पाहिजे. नाहीतर नव्या उद्योगात जुनीच पिळवणूक चालेल.

येथील प्राध्यापकांनी हा खेळ मांडून पाहावा. बॉयलरवरचा एक कामगार आणि तोडणीचे एक जोडपे वर्गात आणून बसवण्याचे काम माझ्याकडे लागले.