स्वतंत्र डिझाइन-व्यवसाय : गिऱ्हाईक आणि हिशेब

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलावताना "मुलांना व्यवसायाच्या चार गोष्टी सांगा" एवढेच सांगितले. मी वक्ता नव्हे. दुकानांचे फलक, लग्नपत्रिका, मसाल्याची पाकिटे, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि बोधचिन्हे तयार करून पोट भरणारा मी माणूस आहे. कोठेही नोकरी नाही. त्यामुळे माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा "मुलगा काय करतो?" ह्या प्रश्नाने माझे वडील अगदी अडचणीत येत. "घरीच असतो, कॉम्प्युटरवर चित्रे काढतो," असे ते खालच्या आवाजात सांगत. समोरच्या पाहुण्यांचा चेहरा काय होत असेल, हे आपण समजू शकता.

आज ह्या सभागृहात एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेली पुष्कळ मुले व मुली आहेत, आणि त्यांच्या मागे बसलेल्या पालकांच्या मनात तीच धास्ती आहे. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. हात चांगला असूनही ह्या धंद्यात उपाशी राहिलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांना चित्र येत नव्हते असे नाही. व्यवहार येत नव्हता. म्हणून चित्रकलेविषयी मी आज बोलणार नाही.

पहिला प्रश्न, गिऱ्हाईक कोठे शोधायचे? मुलांना वाटते की मुंबईच्या जाहिरात कंपनीतून फोन येईल, किंवा परदेशातून कोणी काम पाठवील. परदेशचे कामही मिळते. आपल्या समाजातील किती घरांतील माणसे कुवेत, दुबई, कतारला आहेत, त्यांच्या ओळखीने तेथील हॉटेलांची मेनूकार्डे मी केलेली आहेत. परंतु पहिली दहा गिऱ्हाइके आपल्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर असतात. बेकरीवाला, कोचिंग क्लास, दवाखाना, केटरर, लोणची-मसाले करणारी बाई. त्यांच्याकडे रिकाम्या हाताने "काही काम आहे का?" असे विचारत जाऊ नका. त्यांचेच जुने पाकीट विकत घ्या, घरी आणून नीट वाचा आणि त्यातील उणीव हेरून मग जा.

उदाहरण देतो. बंद पाकिटातून विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, शाकाहारी असल्यास हिरव्या चौकोनात हिरवे वर्तुळ, असे बरेच काही छापावे लागते. लहान उद्योजकाला ह्याची पुरती माहिती नसते. जो डिझायनर सुंदर फुले काढतो त्याच्यापेक्षा, "ताई, तुमच्या पाकिटावर अमुक गोष्ट राहिली आहे," असे सांगणारा तिला अधिक उपयोगी वाटतो, आणि ती त्याला सोडत नाही.

दुसरे असे की, प्रत्येक धंद्याचा हंगाम असतो. हापूस आंब्याच्या पेटीचे काम मार्च महिन्यात मागायला गेलात तर बागायतदार तुमच्याकडे पाहणारही नाही. त्याची खोकी तोवर छापून झालेली असतात. त्याच्याकडे डिसेंबरात जावे. शाळा-क्लासची पत्रके प्रवेशाच्या आधी, केटररची कामे रमज़ानच्या दोन महिने आधी. निवडणुकीच्या फ्लेक्सचे काम तर कोणत्याही पक्षाचे असो, पैसे मतदानाच्या आधी घ्यावेत. (ह्यावर व्यासपीठावरील काही मंडळी हसत आहेत, त्यांनी रागावू नये.)

छापखान्याशी स्नेह ठेवा. छापखानावाल्याकडे रोज अशी माणसे येतात ज्यांच्याजवळ मजकूर असतो पण डिझाइन नसते. मात्र तुमची फाइल त्याच्या मशीनवर विनातक्रार उघडली पाहिजे. उर्दू नस्तालीकची किंवा श्रीलिपीतील मराठीची अक्षरे कर्व्हमध्ये बदलली नाहीत तर त्याच्या कॉम्प्युटरवर त्यांचा चुराडा होतो, आणि ज्याच्या फाइलीने एकदा त्याचा वेळ खाल्ला त्याची शिफारस तो पुन्हा करीत नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. काही छापखाने डिझायनरला गुपचूप कमिशन देतात आणि ते गिऱ्हाइकाच्याच बिलात चढवतात. गिऱ्हाइकाने तुमच्यावर विश्वास टाकून छपाई सोपवलेली असते. ती अमानत आहे. कमिशन घ्यायचे तर त्याला सांगून घ्या, नाहीतर घेऊ नका.

आता माझ्या फजितीची हकिकत. धंद्याचे माझे पहिलेच वर्ष होते. ओळखीतल्या घरच्या निकाहची पत्रिका, मराठी आणि उर्दू अशी दोन्ही भाषांत, मला मिळाली. मजकूर वधूच्या चाचांनी फोनवर सांगितला, मी उतरवून घेतला. डिझाइन पाहून सारे खूष झाले, "माशाअल्लाह" म्हणाले, आणि ६०० पत्रिका छापून आल्या. त्या वाटायला काढल्यावर कोणाच्या तरी लक्षात आले की वार शुक्रवार छापला आहे आणि तारीख शनिवारची आहे. चाचा म्हणाले, मी बरोबर सांगितले होते. मला वाटत होते, मी ऐकले तसेच लिहिले. खरे कोण, ते आजही मला ठाऊक नाही, कारण कोणाजवळच लेखी काही नव्हते. माझी मजुरी १,५०० रुपये ठरली होती. फेरछपाईचे ८,४०० रुपये मी भरले. त्यासाठी वडिलांकडून पैसे मागावे लागले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी कपाट उघडले आणि पैसे मोजून दिले. ते बोलले असते तर बरे झाले असते.

त्या रात्री मला मदरशात शिकलेली एक गोष्ट आठवली. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत, म्हणजे सूरह बकराची २८२ वी, ही नमाज-रोज्याविषयी नसून देण्याघेण्याविषयी आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, रक्कम लहान आहे म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. आपण ती लहानपणी पाठ केली आणि दुकानात मात्र म्हणतो, "अहो, घरचीच माणसे, लिहायचे कशाला?" लिहून मागणे म्हणजे अविश्वास, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. माझा अनुभव उलट आहे. लिहिलेले नसते तेथेच घरची माणसे दुरावतात. त्या चाचांशी माझे बोलणे पुढे तीन वर्षे बंद होते.

तेव्हापासून मी कामाला हात लावण्यापूर्वी एक पान लिहितो. काम नेमके काय, किती पानांचे, कोणत्या भाषांत; मजकूर कोण देणार व कधी; किती नमुने दाखवणार; दुरुस्त्या किती वेळा मोफत आणि त्यानंतर प्रत्येक फेरीला किती; बयाणा किती, बाकी केव्हा. मी निम्मी रक्कम आगाऊ घेतो आणि मूळ फाइल पूर्ण पैसे आल्यावर देतो. मजकूर फोनवर घेत नाही, लेखीच घेतो. छपाईपूर्वी प्रूफ पाठवतो आणि "वाचले, बरोबर आहे, छापा" असे उत्तर लेखी येईपर्यंत छापखान्याला फाइल जात नाही. मोबाइलवरचा निरोपही चालतो. ह्या शब्दांनी माझे किती नुकसान वाचवले असेल त्याचा हिशेब नाही.

हक्काविषयीही त्याच पानावर लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्र कलाकाराने काढलेल्या बोधचिन्हाचा हक्क सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. तो गिऱ्हाइकाला द्यायचा तर सहीनिशी लेखी द्यावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांचाच समजला जातो. गिऱ्हाइकाला वाटते, पैसे दिले म्हणजे झाले. पुढे दुकान मोठे झाले की भांडण होते. दोघांनाही आधीच कळलेले बरे.

दर किती लावावा, ह्या प्रश्नावर मुले इतरांचे दर विचारत फिरतात. आपले घर आधी विचारा. समजा, घरखर्चाचा तुमचा वाटा ३०,००० रुपये आहे. वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर आणि पुढच्या कॉम्प्युटरसाठी बाजूला टाकायचे ५,००० धरा. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस म्हणाल, पण भेटीगाठी, फोन, दरपत्रके आणि वसुली ह्यांत निम्मे जातात. विकता येण्यासारखे बाराच उरतात. म्हणजे दिवसाला सुमारे २,९०० रुपये पडले पाहिजेत. मग तीन दिवसांचे काम १,५०० रुपयांत घेणारा मुलगा वडिलांच्या खिशातून गिऱ्हाइकाला पैसे देत असतो, हे ध्यानात येईल.

"हे तर माझा भाचा मोबाइलवर करतो," असे आता रोज ऐकावे लागते. खरे आहे, करतो. १९९४ साली इनपेज आले तेव्हा उर्दू वृत्तपत्रांच्या कातिबांवरही अशीच पाळी आली. साधी मांडणी यंत्राने होईल तेथे यंत्राशी दराची चढाओढ करू नये. परंतु कोणत्या गिऱ्हाइकाला काय सांगायचे, छपाईत रंग कसा उतरेल, परवान्याचा क्रमांक कोठे हवा, चूक झाली तर कोणी उभे राहायचे, हे भाचा पाहत नाही.

नातेवाइकांचे काय करायचे? मामूंकडे पैसे मागताना जीभ रेटत नाही, हे मलाही होते. मी बिल पूर्ण रकमेचे करतो, खाली "सवलत" म्हणून रक्कम वजा दाखवतो आणि मग मामूंना देतो. त्यांना कळते की आपल्याला काय मिळाले, आणि मलाही कळते की मी काय दिले. मशीद, मदरसा व संस्था ह्यांची कामे वर्षाला किती मोफत करायची हे मी मोहरमच्या महिन्यातच ठरवतो. यंदाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठाचे बिलही मी दिले आहे. शून्य रुपयांचे आहे, पण दुरुस्त्या तीनच, असे त्यावर लिहिलेले आहे आणि सेक्रेटरीसाहेबांची सही आहे.

पैसे थकले तर? आधी नम्रपणे, मग लेखी, मग नवे काम थांबवून. उद्यम नोंदणी २०२० पासून इंटरनेटवर विनामूल्य होते. ती काम घेण्यापूर्वीच करून ठेवा. २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असला तरी फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाल्यास व्याज लागते आणि तक्रारीची सोय आहे. कायद्यातील व्याज घ्यावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न आहे. मी घेत नाही. पण बिलाच्या तळाशी ४५ दिवसांचे एक वाक्य छापले की मोठ्या कंपन्यांचा हिशेबनीस फोन उचलू लागतो.

पालकांना, विशेषतः मुलींच्या पालकांना, एक विनंती. घरात बसून करता येणारे हे काम आहे म्हणून आपण मुलींना ते शिकू देता, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु "घरात बसून तर करते" म्हणून तिचा दर आपणच कमी करून येऊ नका. एका मुलीने सहा महिने एका क्लासची सारी पत्रके केली. पैसे भावाच्या खात्यात जात होते, आणि तिला विचारले की आजवर किती मिळाले, तर तिला सांगता येईना. तिचे पॅन कार्ड, तिचे बँकेचे खाते, तिच्या नावाचे बिल आणि तिची स्वतःची हिशेबाची वही असू द्या. गिऱ्हाइकाशी बोलताना घरचे कोणी जवळ बसायचे तर खुशाल बसावे. बोलणे मात्र तिला करू द्यावे. पुढे सासरी गेल्यावर गिऱ्हाइके तिच्याबरोबर गेली पाहिजेत, भावाकडे राहता कामा नयेत.

मी वापरतो त्या एका पानाच्या करारनाम्याच्या प्रती मराठी आणि उर्दूत संस्थेच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या त्यांनी घेऊन जाव्यात. ज्यांचे पैसे सध्या कोठे अडकले आहेत त्यांनी बिल घेऊन यावे. असरच्या नमाजनंतर मी ग्रंथालयात बसणार आहे.