सोलापूरचे डॉक्टर, चीनची थंडी

मंडळी, आपल्या मांजरसुंब्याच्या फाट्यावरून एक सडक तुळजापुरावरून सोलापूरला जाते. त्या सोलापूरचे एक डॉक्टर दूर चीनमध्ये वारले. त्यांची समाधी पाहायला आम्ही गेल्या डिसेंबरात तिकडे गेलो होतो.

शहराचं नाव शिजियाझुआंग. नाव अवघड आहे, तोडून वाचा : शि-जिया-झुआंग. राजधानी बीजिंगपासून ते सुमारे 300 किलोमीटर आहे. थंडी म्हणाल, तर पारा शून्याच्या खाली. तळ्याचं पाणी दगडासारखं गोठलेलं. नाक आहे की गेलं, हे हात लावून पाहावं लागे.

तिकडच्या खेड्यांत झोपायला विटांचा ओटा असतो. त्याला खांग म्हणतात. चुलीचा धूर ओट्याच्या पोटातून फिरवून बाहेर काढतात. स्वयंपाकही होतो, अंथरूणही तापतं. अक्कल पाहा!

आता खाण्याचं सांगतो. गाढवाचं मांस भरलेली रोटी तिथं आवडीनं खातात. आम्ही दुरूनच हात जोडले. कोबीचं सारण घातलेल्या, उकडलेल्या करंज्या मात्र पोटभर खाल्ल्या. सकाळी वाडग्यात पिवळी पेज आली. पहिला घोट घेतला आणि आई आठवली. राळे! आमची आई राळ्याचा भात करी. आता आपल्या शिवारात राळे पेरतो कोण?

डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथं होते, तेव्हा त्या डोंगरी मुलखाचं मुख्य अन्न राळेच होतं. जपानने चीनवर चढाई केली होती. मदतीला 1938 साली भारतातून पाच डॉक्टर गेले. कोटणीस त्यांतले एक, वय 27. पुढे वडील वारल्याचं कळलं. तरी जखमी शिपायांना सोडून ते परत आले नाहीत. गुओ छिंगलान या तिथल्याच परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल चार महिन्यांचंही झालं नव्हतं, तोच 9 डिसेंबर 1942 रोजी डॉक्टर आकडीच्या आजाराने गेले. वय अवघं 32.

समाधीपाशी एक म्हातारा पाचोळा झाडीत होता. त्यानं दुभाष्यामार्फत आम्हाला विचारलं, "डॉक्टरांचं गाव तुमच्या गावापासून किती लांब?"

आम्ही म्हणालो, "एकाच सडकेवर."

त्यानं झाडू खाली ठेवला, हातमोजा काढला आणि आमचा हात धरला. एवढ्या थंडीत त्याचा हात ऊन लागला.