बाळाच्या पाठीवरील निळा डाग

लहान मुलांच्या अंगावरील जन्मखुणांविषयीं मी आज बोलणार आहें. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला निवृत्त शाळामास्तर आहें. परंतु या विषयाशीं माझ्याच घरीं घडलेला एक अन्याय निगडित आहे.

पस्तीस वर्षांपूर्वीं नागपुरांत, महालांतील आमच्या घरीं, मुलगी जन्मली. चारआठ दिवसांनीं तिच्या कमरेखालीं पाटीच्या रंगाचा निळसर डाग माझ्या आईच्या दृष्टीस पडला. न्हाऊ घालणाऱ्या बाईनें बाळाला आपटलें, असें तिनें ठरविलें. शेजारणींनीं बाळंतिणीलाच विचारलें, ‘ग्रहणांत कांहीं चिरलें होतेंस काय?’ बाईचें येणें बंद झालें. मी मुकाट्यानें ऐकत राहिलों.

पुढें लस टोंचण्यास गेलों, तेव्हां डॉक्टरीणबाईंनीं रांगेंतील आणखी तीन बाळांच्या पाठी मला दाखविल्या. तोच डाग!

त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मुळांत त्वचेंत जन्मत नाहींत. गर्भाच्या आरंभींच्या आठवड्यांत, जेथें पुढें पाठीचा कणा होतो त्या बाजूस, त्यांचा उगम होतो. तेथून त्या दोन्ही अंगांनीं पोटाकडे पसरत त्वचेच्या वरच्या थरांत जाऊन बसतात. कांहीं मात्र वाटेंतच, खालच्या थरांत, राहून जातात. विशेषतः कमरेवर व बैठकीवर. त्यांतील रंग तपकिरीच असतो. पण तो खोल असल्यामुळें वरून निळा भासतो. मनगटावरील शीर नाहीं का निळी दिसत? आंतलें रक्त कोठें निळें असतें! १८८५ मध्यें जपानांत राहणाऱ्या एर्विन बेल्त्स या जर्मन डॉक्टरानें या डागास मंगोल वंशाचें नांव दिलें. तें चुकीचें ठरलें, कारण आपल्याकडील व आफ्रिकेंतील मुलांतहि तो सर्रास आढळतो. बहुधा पांचसहा वर्षांत तो विरून जातो.

जन्मतःच असणारा काळा तीळ किंवा लासें ही गोष्ट निराळी. शंभर बाळांत सुमारें एकाच्या अंगावर तें असतें. तेथें रंगपेशींचा पुंजका जमलेला असतो, आणि मुलाबरोबर तोहि वाढतो. गर्भांतील एखाद्या पेशींत झालेला बदल हें त्याचें कारण; विळीचा व ग्रहणाचा तेथें संबंध नाहीं. असा डाग मोठा असेल, किंवा त्याचें रूप पालटूं लागेल, तर डॉक्टरांस दाखवावा. दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे, पांच मिलिमीटरांहून मोठे, सहा किंवा अधिक डाग असले तरीहि दाखवावें.

माराचा वण दुखतो, आणि थोड्या दिवसांत हिरवा-पिवळा होत जातो. जन्मखूण दुखत नाहीं, आणि दिवसांत रंगहि बदलत नाहीं. म्हणून जन्माच्या वेळींच डॉक्टरांकडून ती कागदावर नोंदवून घ्यावी.

त्याच संध्याकाळीं मी त्या बाईचें घर शोधीत गेलों. तिनें दुसरीकडे काम धरलें होतें. माझें बोलणें पुरें होण्यापूर्वींच तिनें विचारलें, ‘गुरुजी, पोरगी बरी हाये ना?’ दोन वर्षांनीं धाकट्याच्या वेळीं ती पुन्हां आली. पहिल्याच दिवशीं, बाळाला पाटावर घेण्याआधीं, तिनें माझ्या आईला हांक मारून त्याची पाठ दाखविली.